आवडा हलली तो फोटो

शाळेच्या या जुन्या फोटोत माझी थोरली बहीण आवडा आहे, पण दाखवल्याशिवाय ती कुणाला सापडत नाही. बाकी सगळे नीट आले आहेत. मधल्या खुर्चीत मास्तर, गुडघ्यांवर दोन्ही हात, डोक्याला रुमाल, चेहरा असा की आत्ता कुणाला तरी सतराचा पाढा विचारतील. त्यांच्या दोन्ही बाजूंना मोठी पोरं, टोप्या पार भुवयांपर्यंत ओढलेल्या. खाली सतरंजीवर आम्ही बारके, मांडी घालून. डावीकडून तिसरी मी. माझ्या नाकाखाली जे चमकतं ती नथ नव्हे. नातवंडं बघून हसतात, हसू द्या. माघातली थंडी होती आणि फोटोवाल्यानं हात हलवायला मनाई केली होती, मग नाक पुसायचं कसं?

मागे बाकावर मुली उभ्या आहेत. त्यांच्या शेवटी, भिंतीला लागून, एक पांढुरका फराटा दिसतो. ओली काडी चुलीत घातली की धूर निघतो तसा. तो फराटा म्हणजे आमची आवडा.

वाशिमकडच्या मालेगावच्या वेशीबाहेर ओढ्याच्या काठी आमचा मळा होता. आम्ही माळी माणसं, भाजीपाल्यावर पोट. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, कांदे, मिरच्या. बाबा, म्हणजे शालिकराम माळी, मोट हाकत. माय भाजी खुडून जुड्या बांधे. आणि आवडा दारं धरायची. दारं धरायचं म्हणजे पाटानं आलेलं पाणी एका वाफ्यात घ्यायचं, वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं. काम दिसायला सोपं, पण ध्यान दुसरीकडे गेलं की वाफा फुटतो आणि पाणी भलतीकडे पळतं. पाय चिखलात, हात खुरप्यावर, तोंड मात्र रिकामं. त्या रिकाम्या तोंडाला आवडानं पाढे लावले. शेजारच्या मळ्यातली पोरं शाळेतून आली की ओरडून ओरडून म्हणायची, ते ऐकून तिनं उचलले. एक वाफा भरेपर्यंत एक पाढा. कांद्याचे वाफे लहान, त्यांना सोपे पाढे. वांग्यांच्या लांब सऱ्यांना पावकी, निमकी, दिडकी, असे अपूर्णांकांचे.

मास्तर एकदा सांभार घ्यायला मळ्यात आले आणि जुडी हातात घेऊन तसेच उभे राहिले. पलीकडे वांग्यांत कोणीतरी दिडकी म्हणत होतं आणि दिसत कोणी नव्हतं. त्यांनी बाबांना सांगितलं, ही पोरगी उद्यापासून शाळेत पाठव. मास्तरांना नाही म्हणायची बाबांची छाती नव्हती. मास्तरांनी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर बाबांनी आधी मोट बाहेर काढली असती, एवढंच.

अडचण अशी की आवडाचं लग्न झालेलं होतं. तेव्हा पाळण्यातून उतरलं की बोहल्यावर चढायचं. तिला लग्नातलं एवढंच आठवे की मुंडावळ्या डोळ्यांत जात होत्या. नवऱ्याचं नाव उत्तम, मंगरूळपीरच्या अलीकडच्या एका खेड्यातला, तोही माळ्याचाच. सासरा पुंजाजी. मोठा शिस्तीचा माणूस. लाल पागोटं, मिशा, आणि बोलताना समोरच्याकडे न पाहता बैलांकडे पाहायची सवय. पोरगी जाणती झाली की ते तिला नेणार होते. तोवर पोरगी काय करते असं त्यांनी विचारलं, तर माय सांगे, मळ्यात असते. खोटं नव्हतंच ते. शाळेच्या आधी मळ्यात असायची आणि शाळेच्या नंतरही मळ्यात असायची. मधलं कुणी विचारलं नाही आणि मायनं सांगितलं नाही.

मला तिच्याबरोबर शाळेत घातलं ते राखणीला. एकटी पोरगी जाते असं दिसू नये म्हणून. मी दुसरीपर्यंत गेले. राखण संपली तशी माझी शाळाही संपली, त्यामुळे हे अक्षर असं आहे. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

शाळा म्हणजे एक लांब खोली आणि पुढे पडवी. शनिवारी मुलींनी शेण आणून ती सारवायची, मुलांनी पाणी आणायचं. पोरं पाणी कमी आणत आणि वेळ जास्त घालवत. मुलींनी डोक्यावरून पदर घेतलेला मास्तरांना चालत नसे. म्हणत, डोकं झाकलं की पाढा आत अडकतो. म्हणून शाळेच्या पायरीवर आवडा पदर खांद्यावर घेई आणि सुटली की त्याच पायरीवर परत डोक्यावर. पायरीवरच्या चपला जशा, तसा तो पदर.

बघता बघता ती चौथीत आली. माळ्यांच्या आमच्या आळीत तोवर चौथी पास कोणी नव्हतं, ना पोरगा, ना पोरगी. परीक्षा होळीनंतर होती. मायला धडकी भरलेली असे, कारण सासरी कळलं तर ते गाडी घेऊन येतील आणि पोरीला परीक्षेआधीच उचलून नेतील. ती आवडाला म्हणे, तुला चौथी कशाला पाहिजे, सासरी कोण तुझे पाढे ऐकणार आहे? आवडाला परीक्षेपलीकडे काही नको होतं. तिला फक्त ती परीक्षा देऊन मग सासरी जायचं होतं. एकदा मी विचारलं, पास होऊन करशील काय? ती तेव्हा दारंच धरत होती. म्हणाली, "अर्धा भरलेला वाफा सोडून कोणी जाते काय?"

मास्तर त्या वर्षी पेन्शनीत निघणार होते. जाण्याआधी सगळ्या शाळेसोबत एक फोटो असावा अशी त्यांची हौस. अकोल्याकडून मदनसिंग नावाचा फोटोवाला आला, घोड्यावर पेटी बांधून. आदल्या दिवशी मायनं आवडाचं लुगडं धुतलं, तांब्यात निखारे घालून त्याच्या बुडानं इस्त्री केली. एका जागी जळलं. मग तो भाग आत कसा घ्यायचा यावर सकाळभर दोघींची हुज्जत.

मदनसिंगानं सगळ्यांना उन्हात मांडलं. मांडलंच म्हणायचं, बाजारात टोपल्या मांडतात तसं. मग तो म्हणाला की त्याच्याजवळ कोरी काच एकच उरली आहे, बाकीच्या वाशिमला एका लग्नात संपल्या. तेव्हा फोटो काचेवर उतरायचा. काच एक म्हणजे फोटो एक. त्यानं बजावलं, "मी टोपण काढलं का सारे दगड व्हा. टोपण लावलं का मंग माणसं व्हा." मास्तरांनी काठी आपटून तेच परत सांगितलं. जो हलेल त्याला परीक्षेत पाहून घेईन म्हणाले. आम्ही आधीच दगड झालो.

नेमकी त्याच वेळी मंगरूळच्या रस्त्यानं एक बैलगाडी आली. गाडीत रिकाम्या टोपल्या होत्या. कांद्याचं रोप न्यायला पुंजाजीमामा आमच्या मळ्याकडे निघाले होते. ते बहिणीचे सासरे, म्हणून मी त्यांना मामा म्हणे. तीन पायांवर उभी पेटी आणि काळ्या फडक्यात डोकं खुपसलेला माणूस पाहून त्यांनी गाडी उभी केली. कुणीही केली असती.

आता इथे नीट लक्ष द्या. पुंजाजीमामांनी आपल्या सुनेचं तोंड कधी पाहिलेलंच नव्हतं. लग्नात मुंडावळ्या होत्या, पुढे सणावाराला गाठ पडली तर पदर होता. पदराआडून सून सासऱ्याला ओळखते, सासरा सुनेला ओळखत नाही. बाकावर लुगडं नेसलेल्या आणखीही मुली होत्या. आवडा गुमान उभी राहिली असती तर मामांनी गंमत पाहून बैल हाकले असते आणि त्या गर्दीत आपली सून आहे हे त्यांना जन्मात कळलं नसतं. पण सासरा समोर आणि डोकं उघडं, असं कसं राहायचं हे तिच्या हातांना ठाऊकच नव्हतं. मदनसिंगानं टोपण काढलं आणि आवडानं खांद्यावरचा पदर ओढून डोक्यावर घेतला, पार हनुवटीपर्यंत, आणि भिंतीकडे तोंड करून वळली. सगळ्या शाळेत जी एकटी लपली तीच एकटी सापडली.

मदनसिंग काळ्या फडक्यातून बाहेर आला तो ओरडतच. काच गेली म्हणाला. मास्तर उठले. त्यांना आधी कळेचना की सगळ्यांत शहाण्या पोरीनं असं काहून केलं. मुलींनी कुजबुजून सांगितलं तेव्हा त्यांनी रस्त्याकडे पाहिलं आणि परत खाली बसले. पुंजाजीमामा कासरा धरून तसेच बसलेले. मग त्यांनी बैलांकडे पाहिलं आणि गाडी ओढ्याकडे वळवली. ओढ्याकडे आमचा मळा.

आम्ही दोघी बांधाबांधानं पळालो आणि गाडीच्या आधी पोचलो. मायनं आवडाला खोपडीत, म्हणजे मळ्यातल्या झोपडीत घातलं आणि तट्ट्या लावून घेतला. तट्ट्या म्हणजे बांबूच्या कामट्यांचं दार, त्यातून आतलं बाहेर दिसत नाही पण बाहेरचं आत सगळं ऐकू येतं.

मामा आले, विहिरीवर पाय धुतले, गूळ-पाणी घेतलं. बाबांनी रोप दाखवलं. रोप चांगलं आहे म्हणाले. माय भाकरी टाकायला लागली. जेवण झालं. भाजीला तिखट कमी आहे म्हणाले, तर मायनं मिरचीचा ठेचा वाढला, अर्धा ताटात, अर्धा ताटाबाहेर. मामांनी हात धुतले, पागोटं सारखं केलं, आणि बैलांकडे पाहत आपल्या व्याह्यांना, म्हणजे बाबांना म्हणाले, "इवाई, आपली सून शाळेत जाते हे मले रस्त्यावर कळावं काय?"

बाबा काडीनं मातीत रेघा ओढत होते. म्हणाले, सांगणारच होतो.

"कवा? नातू झाल्यावर?"

बाबा आणखी रेघा ओढू लागले. मामांनी सांगून टाकलं की रोप आज नेतो आणि सुनेला पुढच्या बाजाराच्या दिवशी नेतो, तेवढ्यात तिचं आवरून ठेवा. पोरीला इकडे राहू देऊन काही उपयोग नाही.

मी तट्ट्याला टेकून बसले होते. आतून माझी वेणी ओढली गेली. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नसतं, ऐकू येईल एवढंही नाही. बोलायचंच झालं तर एखादं लेकरू मध्ये घालायचं. तिनं लेकराच्या कानात सांगायचं, लेकरानं मोठ्यांदा म्हणायचं. त्या दिवशी ते लेकरू मी. मी कामट्यांना कान लावला आणि मग, आमच्या बोलीत 'ती'ला 'ते' म्हणतात तसं, मोठ्यानं म्हटलं, "ते म्हणते, परीक्षा झाल्यावर मी येईन."

"तू येऊन काय करशील व?" मामांनी मला विचारलं.

"मी नाही. ते."

"मंग तसं सांग."

मी तसं सांगितलं. मामांनी पहिल्यांदा बैलांवरून नजर काढली आणि तट्ट्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. कदाचित त्यांना आपलं मन एका शेंबड्या पोरीपुढे मोकळं करायला सोपं गेलं असेल. म्हणाले की उत्तम दुसरीतून पळाला, त्याला अक्षर म्हणजे मुंग्या दिसतात. उद्या सून चौथी पास होऊन घरात येईल, नवऱ्याच्या डोक्यावर बसेल, सासऱ्याला मोजणार नाही, आणि गाव हसेल. शाळेनं पोरी बिघडतात, मी पाहिलेलं आहे. कुठे पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही.

माय पदर तोंडात धरून उभी. मला वाटलं आत आवडा रडते आहे. मग वेणी ओढली गेली. तिनं हळूहळू सांगितलं, एकेक शब्द, मी विसरू नये म्हणून. आणि मी उभी राहून, शाळेत कविता म्हणतात तसे हात जोडून म्हटलं, "सांग त्याइले, फोटोवाला म्हणे हालू नको. मास्तर म्हणे हालू नको. सारी शाळा हालली नाही, मीच हालली. शाळेनं मले बिघडवलं असतं त मी हालली असती काय?"

"सांग त्याइले" हे माझ्यासाठी होतं, ते मी गाळायला पाहिजे होतं. पण कोणी हसलं नाही.

मामांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. पागोट्याशिवाय त्यांचं डोकं फार लहान दिसे. डोकं खाजवलं. बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. मग ते बाबांना म्हणाले, "इवाई, तुमी आमाले सून दिली का वकील?"

बाबांनी काडी टाकली. मामांनी मलाच विचारलं, परीक्षा कधी आहे? होळीनंतर, मी म्हटलं, कानात न विचारता. मग पाडव्याला गाडी आणतो म्हणाले. आणि जाताना एक अट घातली की उत्तमला यातलं कोणी बोलायचं नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मायनं रोपाच्या टोपल्यांवर वांगी, मेथी, सांभार असं काय काय रचलं की बैलांनीही मागे वळून पाहिलं असेल.

आवडा पास झाली. मास्तर स्वतः मळ्यात सांगायला आले आणि येताना फोटो घेऊन आले. त्यांना वाटलं पोरीला आनंद होईल. माय फोटोतला तो फराटा पाहून घाबरली. लेकीला तोंडच आलं नाही, हे काही बरं नव्हे, ओढ्यात सोडून दे म्हणाली. आवडानं फोटो उन्हात धरला, जवळ नेला, लांब नेला. मग म्हणाली, "माय, मी त भूत दिसून राह्यली." आणि हसली. पण नंतर दारं धरताना मी तिच्याकडे पाहिलं तर ती पाढा म्हणत नव्हती. ओढ्याच्या पाण्यात, पितळीच्या पाठीवर, कुठेही आपलं तोंड थोडं थोडं पाहायला मिळतं, पण ते ठेवता येत नाही. त्या वयात मला हे कळलं नाही. आता कळतं.

पाडव्याला ती गेली. तो फोटो जळक्या लुगड्याच्या घडीत घालून घेऊन गेली.

सासरी ती काही कलेक्टरीण झाली नाही. दारं इकडेही धरत होती, तिकडेही धरू लागली. बाजाराच्या दिवशी मंगरूळला दर्ग्याकडच्या रस्त्यावर सासूसोबत टोपली घेऊन बसे. घरात मामांसमोर पदर हनुवटीपर्यंत, आणि त्यांच्याशी बोलायचं झालं तर दाराच्या चौकटीशी बोले. "पाणी तापलं म्हणावं," असं चौकटीला सांगायची, मामा आंघोळीला उठायचे. पुढे मुलगा झाला, पांडुरंग नाव ठेवलं. तो बोलायला लागला तशी चौकट सुटली.

उत्तमभाऊजींना तिचं शिक्षण कळलं ते बियाण्याच्या दुकानात. आवडा मागे उभी होती, पुडीवरचं नाव तिच्या नजरेस पडलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं की ही पत्ताकोबी नव्हे, फुलकोबी आहे. भाऊजी वळले. तुला वाचता येतं? येतं. भाऊजींनी पुडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, दुकानदाराकडे पाहिलं. म्हणाले, "मंग गेल्या साली मी सारा हंगाम पत्ताकोबीची वाट पाहून राह्यलो होतो त्याचं काय?" डोक्यावर बसणं वगैरे राहिलं बाजूला. त्या दिवसापासून भाऊजी बियाणं घ्यायला तिच्याशिवाय गेले नाहीत आणि दुकानदार त्यांना वहिनी कशा आहेत म्हणून आधी विचारू लागला. हे ऐकून मामांनी दोन दिवस बैलांकडे पाहून काढले म्हणे. तिसऱ्या दिवशी त्यांनी आवडाच्या पेटीतला तो फोटो मागवून घेतला, नातवाकरवी, आणि बाहेरच्या खोलीत देवाच्या तसबिरीशेजारी खिळा ठोकून लावला.

कोणी पाहुणा आला की मामा त्याला फोटोपुढे नेत. ही आमची सून म्हणत. पाहुणा शोध शोध शोधे. कुठे? "हे काय, धूर दिसते ते. माह्यासाठी हालली." पाहुण्याला काही कळत नसे, तो मान डोलावून चहा पिई. माझ्यासमोर त्यांनी हे एका पोलीस पाटलाला सांगितलं, एका कासाराला सांगितलं, आणि वाट चुकून आलेल्या एका साधूलाही सांगितलं.

पण ते दाखवताना हळूहळू त्यांचं बोट फराट्यावर जरा जास्त वेळ थांबायला लागलं. मोतीबिंदू वाढत होता. एकदा मला म्हणाले, रुख्मे, तुझी बहीण दिसायला कशी आहे ग, पोरावरून काही पत्ता लागत नाही. आणि लगेच, नको सांगू, म्हणाले. सासऱ्यानं असं विचारू नये हे त्यांचं त्यांनाच आठवलं.

ते बेचाळीसच्या पुढे-मागे असेल. आवडाच्या दुसऱ्या बाळंतपणाला मी तिकडे गेले होते. पांडुरंग तेव्हा चार-पाच वर्षांचा. गावच्या पाटलाकडे लग्न निघालं आणि फोटो काढायला मदनसिंग आला. तोच, केस पिकलेला, घोड्याऐवजी आता सायकल. मामांना कुठून कळलं कोण जाणे. सकाळीच वांग्यांची टोपली घेऊन पाटलाच्या दारात जाऊन बसले, आणि तो बाहेर पडला तशी टोपली त्याच्या सायकलला बांधली. वांगी स्वीकारल्यावर माणूस नाही कसं म्हणेल? मळ्यात आला. आवडाला पाहून मामांना म्हणाला, "हेच काय ते, माही काच खाणारी?" त्याला सगळं आठवत होतं. आज दोन काचा आणल्या आहेत म्हणाला, हलायचं असेल तर एकदा हलून घ्या.

आवडानं आपलं तेच केलं. मामा अंगणात, म्हणून पदर हनुवटीपर्यंत. मी ओढला, भाऊजींनी सांगितलं, ती ऐकेना. मदनसिंग पेटी उभी करून बसला. लुगड्याचा फोटो काढायचा असेल तर दोरीवरही काढता येतो म्हणाला.

मामांनी पांडुरंगाला जवळ घेतलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू येईल असं त्याला सांगितलं, "तुह्या मायले सांग, मी आंब्याखाली जाऊन बसतो. पाठ करून बसतो. फोटोवाला आवाज देल्याशिवाय फिरत नाही. येवढी येळ ते माही सून नाही म्हणावं, शाळेतली पोरगी हाये."

पांडुरंगानं काही सांगितलं नाही, तो बोट चोखत उभा होता. सांगायची गरजही नव्हती. मामा काठी टेकत टेकत मळ्याच्या त्या टोकाला, आंब्याखाली गेले. बसले आणि आमच्याकडे पाठ केली. आवडा पदराआडून पाहत होती. मग तिनं एका हातानं पदर मागे घेतला, अंबाड्यापर्यंत, तिथेच थांबली. कपाळावरचं कुंकू सारखं केलं. बाळ माझ्याकडे दिलं.

मदनसिंगानं टोपण काढलं. आम्ही सगळे दगड झालो. आंब्याखालचा म्हातारासुद्धा.

फोटो पुढे महिन्याभरानं मंगरूळहून कोणाबरोबर तरी आला. मी अजून तिकडेच होते. आवडानं पाहिला आणि चुलीपुढे जाऊन बसली. भाकरी करपल्या. मामा ओसरीवर होते. त्यांनी मला हाक मारली.

"रुख्मे, हालली त नाही ना?"

"नाही मामा."

"तोंड आलं?"

"आलं. तुमीच पाहा ना." मी फोटो पुढे केला.

त्यांनी हात मागे घेतला. "सासऱ्यानं पाहू नाही. आन आता दिसतेबी कोणाले? तू सांग."

मग मी त्यांच्या शेजारी बसून सांगत गेले. कपाळ रुंद आहे, बाबांसारखं. एक भुवई जरा वर, पाढा आठवताना होते तशी. नाक बरं आहे, माझ्यापेक्षा बरं. हनुवटीवर तीळ आहे. हसायचं नाही असं ठरवून बसली आहे पण डावीकडे थोडं हसू सुटलं आहे. मामा मान खाली घालून ऐकत होते, पोथी ऐकतात तसं, मध्ये मध्ये हूं म्हणत. तीळ कोणत्या बाजूला, एवढं एकदाच विचारलं. मग भाऊजींना हाक मारून म्हणाले, त्या फोटोच्या बाजूला खिळा ठोक.

मामा गेले, भाऊजी गेले, आवडाही गेली. दोन्ही फोटो पांडुरंगानं मला आणून दिले, माझ्या इथे शेजारी शेजारी आहेत. शाळेच्या फोटोत लोक माझी बहीण शोधतात आणि मी बोट ठेवून फराटा दाखवते. दुसऱ्यात शोधावं लागत नाही, ती मधोमध बसली आहे, तीळ, भुवई, सगळ्यासकट. लोक तिला पाहतात आणि छान आहे म्हणून फोटो परत देतात. मी म्हणते थांबा. आणि तिच्या खांद्याच्या मागे, दूर, आंब्याच्या बुंध्याशी बोट ठेवते. तिथे एक पागोटं आहे आणि एक पाठ आहे. अगदी स्पष्ट आली आहे. जराही हललेली नाही.